भिंगरीचा चाव-अंक

मोहरगावात कुत्रं चावणं जवळजवळ बंद झालं याचं श्रेय हेमंत शेवाळे स्वतःकडे घेत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी गावातल्या दवाखान्यात आठवड्याला तीस-चाळीस माणसं पोटरी धरून यायची. आता महिन्यातून एखादा यायचा, आणि त्यालाही बहुधा मांजराने ओरबाडलेलं असायचं. नगरपरिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी, हेमंतची खोली होती. दारावर 'श्वान परवाना निरीक्षक' अशी पाटी. त्याआधी बावीस वर्षं तो पशुधन पर्यवेक्षक होता आणि गाईम्हशींच्या मागे उभं राहण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे या पाटीचं, खुर्चीचं आणि टेबलावरच्या मोठ्या पडद्याचं त्याला भारी अप्रूप. लोक पाठीमागे त्याला 'कुत्रेसाहेब' म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सगळी किमया पट्ट्याची होती. चार महिन्यांवरच्या प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या गळ्यात तो असलाच पाहिजे, असा नगरपरिषदेचा उपविधी होता.

कुत्रं एकदम चावत नाही. आपल्याला तसं वाटतं, कारण आपण बघत नसतो. निवांत कुत्र्याच्या हृदयाचे ठोके थोडे वेडेवाकडे पडतात. श्वास घेताना भरभर, सोडताना सावकाश. तेच कुत्रं बिथरलं की ठोके घड्याळासारखे एकसारखे आणि जलद पडू लागतात. मानेचे स्नायू ताठरतात, त्यांच्यातून वाहणारी सूक्ष्म वीज वाढते. घशात गुरगुर सुरू होते, पण ती आपल्या कानाला ऐकू येईल इतकी मोठी व्हायला वेळ लागतो. पट्ट्याच्या आतले संवेदक हे सगळं टिपत आणि लाखो कुत्र्यांच्या नोंदींवर शिकलेली प्रणाली त्यातून दर दहा सेकंदांनी शून्य ते शंभरमधला एक आकडा काढी. त्याला चाव-अंक म्हणत. अंक चाळीसच्या आत असला की पट्ट्यावरचा दिवा हिरवा, त्यावर पिवळा, आणि ऐंशीच्या वर सलग एक मिनिट राहिला की लाल. वर्षात तीन लाल नोंदी झाल्या की कुत्रं 'घातक' ठरे आणि बहात्तर तासांत गाडी येऊन त्याला निवाऱ्यात नेई. निवारा हा शब्द उपविधी लिहिणाऱ्याने मोठ्या मनाने वापरला होता. तिथे कुत्र्याला दहा दिवस ठेवत आणि अकराव्या दिवशी इंजेक्शन देत.

आकडा हाती आला की माणसं त्याचं काय काय करतील याचा नेम नाही. स्थळ बघायला जाणारे लोक पत्रिकेच्या आधी मुलाच्या घरच्या कुत्र्याचा अंक विचारू लागले. मुलगा घरात शिरल्यावर ज्या घरचं कुत्रं पिवळं होतं, तिथे मुलगी कशाला द्यायची? गेल्या वर्षापासून न्यायालयंही पट्ट्याची नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरत होती. भरदुपारी झालेल्या एका घरफोडीत घरातलाच माणूस सामील होता, हे कुत्र्याच्या शांत अंकावरून सिद्ध झालं, तेव्हा हेमंतने साक्ष दिली होती आणि त्याचा फोटो छापून आला होता.

एका गोष्टीची मात्र पट्ट्याला अक्कल नव्हती, आणि जनावरांत आयुष्य काढलेल्या हेमंतला ती पक्की माहीत होती. भ्यालेल्या कुत्र्याचं आणि चिडलेल्या कुत्र्याचं हृदय सारखंच धावतं. कुणाला भिऊन, कुणावर चिडून, हे पट्टा सांगत नाही. उपविधीतही त्यासाठी रकाना नव्हता.

एका मंगळवारी सकाळी हेमंतने चहाचा पहिला घोट घेतला आणि आदल्या दिवसाच्या लाल नोंदी उघडल्या. एकच होती. परवाना क्रमांक वाचायची त्याला गरजच पडली नाही, कारण तो त्यानेच दिलेला होता. कुत्री, गावठी, वय पाच, नाव भिंगरी. मालकीण, ओवी यशोधन काटकर. सोमवार, संध्याकाळी सात चाळीस, अंक चौऱ्याऐंशी, कालावधी तीन मिनिटं. वर्षातली दुसरी नोंद.

ओवी त्याची एकुलती एक मुलगी.

*

ओवी कॉलेजात असल्यापासून भिंगरी तिच्या मागे होती. एवढंसं पिल्लू होतं तेव्हा स्वतःच्या शेपटीमागे इतकी गरगर फिरायची की दुसरं नाव सुचलंच नाही. ओवीचं लग्न झालं आणि ती सासरी निघाली तेव्हा पाठराखीण म्हणून कोण जाणार यावर मावश्यांचा खल चालला होता, तेवढ्यात भिंगरी उडी मारून गाडीत नवरीच्या पायाशी जाऊन बसली. सगळे हसले. हेमंतची बायको वर्षा म्हणाली होती, "जाऊ दे तिलाच. बाकीच्या दोन दिवसांत परत येतील, ही राहील तरी." यशोधनही हसला होता. त्याची सौरपंपांची एजन्सी होती, गावातच नव्या वसाहतीत दुमजली घर, आईवडील नाहीत, बोलणं मऊ. हेमंतला जावई फार पसंत होता.

पहिली लाल नोंद लग्नानंतर पाच महिन्यांनी झाली, तेव्हा हेमंतने मनाशी म्हटलं, नवं घर आहे, जनावराला रुळायला वेळ लागतो. आता दुसरी झाल्यावर मात्र तो त्याच दुपारी काटकरांकडे गेला.

भिंगरीने दारातच दोन गिरक्या मारल्या. हातातल्या यंत्रावर तिचा अंक सोळा दिसत होता. ओवी स्वयंपाकघरात होती, कुकर चढवला होता. बापलेक जुन्या ओळखीच्या माणसांबद्दल बोलत बसले. पाऊण तासाने बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि ओवीने झटकन उठून शेगडी बंद केली.

"अगं, एकच शिट्टी झाली," हेमंत म्हणाला.

"त्याला आल्या आल्या आवाज चालत नाही."

हेमंतने यंत्राकडे पाहिलं. एकतीस. दार उघडलं तेव्हा सत्तेचाळीस. यशोधन आत आला, "अरे वा, बाबा, कधी आलात?" म्हणून वाकून नमस्कार केला, आणि अंक एकसष्ट झाला. भिंगरी भुंकली नाही. ती ओवीच्या पायांपुढे येऊन आडवी बसली आणि तिची मान कण्यासह ताठ झाली. यशोधनने हात धुवायला पाठ फिरवल्यावर अंक पंचावन्नवर आला.

हेमंतने बावीस वर्षांत हजारो जनावरं पाहिली होती. गोठ्यात एखादा गडी शिरला की गाय दावणीत अंग चोरते. मग मालकाला बाजूला घेऊन सांगायचं, हा गडी बदला, हा मारतो. इतकं सोपं असतं ते. इथे त्याला ते दिसलं, स्वच्छ दिसलं, आणि त्याने ते दिसू दिलं नाही. जावयाला गडी कसा म्हणायचा?

निघताना त्याने ओवीला परसात गाठलं. "घरात काही आहे का गं?"

"काही नाही रे बाबा. तो जरा मोठ्याने बोलतो, एवढंच." ती दोरीवरचे कपडे काढत होती. मग कपडे तसेच हातात धरून म्हणाली, "तिसरी नोंद झाली तर तू भिंगरीला नेशील?"

"मी कोण नेणारा? नियम आहे."

"तिला नेऊ नका, बाबा. काहीही कर. ती नसेल तर मला इथे..." ती थांबली. "तिला राहू दे माझ्याजवळ."

*

"कुत्रीचा अंक का वाढतो ते बघा ना," रात्री पानं घेताना वर्षा म्हणाली. "तो आल्यावरच का वाढतो?"

"संसार आहे. भांड्याला भांडं लागतंच."

"भांड्याला भांडं लागलं म्हणून कुत्री पोरीच्या पुढे आडवी बसत नाही. घेऊन या तिला."

"भिंगरीला आणलं तर ओवी किती रडेल, कल्पना आहे का तुला?"

वर्षाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घालून आमटी ओरपली. "मी कुत्रीबद्दल नाही बोलत," ती म्हणाली. "ओवीला घेऊन या."

लग्नाला वर्ष झालेलं नाही, मुलीला परत आणायचं, आणि कशाच्या जोरावर? एका आकड्याच्या? लोक म्हणतील, कुत्रेसाहेबांनी कुत्र्याच्या सांगण्यावरून मुलीचा संसार मोडला. राईचा पर्वत करायचा नाही, असं त्याने ठरवलं. तरी पोरीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. भिंगरी तिच्याजवळ राहायला हवी होती. म्हणजे तिसरी नोंद होता कामा नये. एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढंच त्याला करावंसं वाटलं. ताप का आला हे कळत नसलं की आधी ताप उतरवायचा, ही त्याची बावीस वर्षांची सवय होती.

कुत्र्याला गुंगीची गोळी देऊन अंक खाली आणणं हा गुन्हा होता, आणि तो लपतही नसे. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक शामक औषधाची हृदयाच्या ठोक्यांवर एक विशिष्ट खूण उमटते. पट्ट्याच्या प्रणालीला त्या सगळ्या खुणा शिकवलेल्या होत्या. असे आठ मालक हेमंतने पकडून दिले होते, त्यांची कुत्री निवाऱ्यात गेली होती आणि दर वेळी त्याने प्रमाणपत्रात लिहिलं होतं, 'पट्टा औषधाने फसत नाही.' पण जे औषध आता बनतच नाही, त्याची खूण प्रणालीला कोण शिकवणार? बैलांना ट्रकमधून प्रदर्शनाला नेताना पूर्वी एक पिवळट गोळी देत. ती दिली की पुढचा अर्धा दिवस जनावर खाई, चाले, डोळे उघडे ठेवी. फक्त त्याच्यातला जोर निघून जाई. ती बंद झाली तेव्हा उरलेला साठा जाळून टाकायचा आदेश निघाला होता. हेमंतने 'सर्व साठा जाळून नष्ट केला' असं लिहून सही केली आणि चार पाकिटं कपाटात मागे ठेवून दिली. सरकारी दवाखान्यात कुणीच काही खरोखर जाळत नसे. कधी लागलं तर असू द्यावं, एवढाच विचार.

बुधवारी सकाळी त्याने दोन पाकिटं ओवीच्या हातात ठेवली. "रोज संध्याकाळच्या हिशेबाने द्यायची. दुपारी एकदा, चतकोर गोळी, भाकरीच्या तुकड्यात. सुट्टीच्या दिवशी तो घरात असेल तर सकाळीच दे."

"तिला त्रास होईल?"

"काही नाही. शांत राहील."

ओवीने गोळ्या पदराआड घेतल्या. तिने हेमंतला आणखी काही विचारलं नाही आणि तोही थांबला नाही, कारण कचेरीची वेळ झाली होती.

*

त्या दिवसापासून भिंगरीची रेघ सरळ झाली. अकरा, तेरा, बारा, अकरा. रोज कचेरीत गेल्यावर हेमंत सगळ्यात आधी ती रेघ बघे. पहिले काही दिवस त्याला आठवण असे की ही रेघ आपणच सरळ केली आहे. मग हळूहळू त्याला बरं वाटू लागलं. संध्याकाळी सात चाळीसला बारा. रविवारी दिवसभर दहा. म्हणजे घरात शांतता दिसते, असं त्याच्या मनात यायला लागलं. थर्मामीटर बर्फात बुडवून मग ताप नाही म्हणून आनंद मानावा, तसला हा प्रकार. शहाण्या माणसाच्या हातून तो घडत होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती. एकदा तर त्याने वर्षाला कौतुकाने सांगितलंही, "बघ, सगळं सुरळीत झालं की नाही?" वर्षा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "ओवीचा आवाज ऐकलात का फोनवर?" त्याने ऐकला नव्हता. गेल्या पाच आठवड्यांत त्याने तिला दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा भिंगरी गोळी खाते ना, एवढं विचारलं होतं.

सहाव्या रविवारी दुपारी साडेबाराला काटकरांच्या शेजारच्या नलूताईंचा फोन आला. "शेवाळेसाहेब, आहात तसे दवाखान्यात या. ओवी आमच्या दारात सरपटत आली हो."

डाव्या कानाचा पडदा फाटला होता. उजवं मनगट मोडलं होतं, दोन बरगड्या. यशोधनने डॉक्टरांना सांगितलं होतं की ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. डॉक्टर म्हणाले, पडूनही असं होऊ शकतं आणि दुसऱ्या कशानेही.

वर्षा मुलीच्या उशाशी बसली होती. हेमंत पायाशी उभा राहिला. ओवीला ऐकू यावं म्हणून तिच्या उजव्या बाजूला यायला हवं, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"आधीपासून मारायचा?" त्याने विचारलं.

"हात उचलायचा. पण भिंगरी मध्ये यायची. ती नुसती उभी राहिली तरी तो थांबायचा. तिला घाबरायचा तो, आणि नोंदीलाही." ती सावकाश बोलत होती, बरगड्यांमुळे. "गेल्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की ती आता उठत नाही. एक-दोनदा त्याने तिच्यासमोर मला ढकलून बघितलं. दिवा हिरवाच राहिला. मग..."

"तू गोळ्या बंद का नाही केल्यास?" हेमंतच्या तोंडून गेलं, आणि वर्षाने डोळे मिटले.

"बंद केल्या असत्या तर तिसरी नोंद झाली असती ना, बाबा. तिला मारलं असतं तुम्ही लोकांनी." ओवीने छताकडे पाहिलं. "आज ती बघत होती. पुढचे पाय टेकून उठायचा प्रयत्न करत होती. उठता येत नव्हतं. दोनदा पडली आणि मग नुसती बघत राहिली."

हेमंत बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीला कपाळ टेकून रडला. येणारे-जाणारे बघत होते. आपण आपल्या हाताने पोरीच्या दारचा पहारेकरी झोपवला, हे आता त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

पोलिसांत तक्रार झाली. यशोधनने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला, आणि त्याच्या वकिलांनी, तारळेकरांनी, पहिल्याच दिवशी भिंगरीच्या पट्ट्याची नोंद मागवली. नोंद खरी असल्याचं निरीक्षकाने शपथेवर सांगायचं असतं. मोहरगावात निरीक्षक एकच होता.

"रविवार, सकाळी अकरा वीस ते बारा," तारळेकर म्हणाले. "या चाळीस मिनिटांतला सर्वांत मोठा अंक वाचा, शेवाळे."

"चौदा."

"चौदा. झोपलेल्या कुत्र्याचा किती असतो?"

"दहा ते पंधरा."

"फिर्यादी म्हणतात, या चाळीस मिनिटांत त्यांना कमरेच्या पट्ट्याने, लाथेने, दाराच्या अडसराने मारण्यात आलं. आणि पाच वर्षं त्यांच्यावर जीव टाकणारी कुत्री, दहा फुटांवर, झोपून होती."

"झोपून नव्हती," हेमंत म्हणाला. "मी तिला गोळ्या दिल्या होत्या. पाच आठवडे. नोंद खोटी आहे. ती मी खोटी केली आहे."

न्यायालयात कुजबुज झाली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. हेमंतने सगळं सांगितलं: जुनी गोळी, तिची खूण पट्ट्याला न कळणं, भाकरीचा तुकडा. नोकरी जाईल, खटला होईल, हे त्याला माहीत होतं, आणि बोलताना त्याला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. खरं बोललं की सुटका होते असं त्याला वाटत होतं.

तारळेकर अजिबात चिडले नाहीत. "कुत्रीचं रक्त तपासलंत?"

"एका दिवसात अंश निघून जातो. मी दवाखान्यात होतो, मला सुचलं नाही."

"गोळ्यांचं पाकीट?"

"त्यांच्या घरात राहिलं. आता तिथे नसणार. दुसरी दोन माझ्याकडे आहेत."

"म्हणजे गोळ्या तुमच्याकडे आहेत. कुत्रीच्या पोटात गेल्या होत्या याचा पुरावा नाही." त्यांनी एक कागद पुढे केला. "'सर्व साठा जाळून नष्ट केला.' सही कुणाची?"

"माझी. पण ते तसं..."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"आणि ही आठ प्रमाणपत्रं. 'पट्टा औषधाने फसत नाही.' आठ घरांतली कुत्री तुमच्या या वाक्यावर मेली. हेही खोटं?"

हेमंत प्रमाणपत्रांखालच्या आपल्या सह्या बघत राहिला.

"बाईसाहेब, माझा शेवाळेंवर राग नाही," तारळेकर न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "लेकीसाठी बाप काय वाटेल ते बोलेल. मीही बोललो असतो. पण यंत्राला मुलगी नसते."

जामीन मंजूर झाला. आदेशात एक ओळ हेमंतसाठीही होती: त्याच्या कारभाराची खात्याने चौकशी करावी. त्याचं म्हणणं कुणी खोटं ठरवलं नाही, खरंही धरलं नाही. त्याच्या जन्मभराच्या सह्या त्याच्या एका बोलण्यापेक्षा जड भरल्या.

*

चार दिवसांनी यशोधन आपल्या चुलत्यांना, आबा काटकरांना, घेऊन शेवाळ्यांच्या दारात उभा राहिला. मिटवून टाकायला आले होते. वर्षा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. हेमंतने दार लावून घ्यायला हवं होतं. पण दारात आलेल्या पाहुण्याला बसा म्हणायचं, हे जिभेला इतकं सवयीचं झालेलं असतं की तो "या, बसा" म्हणून गेला. म्हटल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

"झालं गेलं गंगेला मिळालं," आबा म्हणाले. "सूनबाईंना बोलवा."

ओवी आतल्या खोलीतून आली, हात गळ्यात बांधलेला. तिच्यापुढे भिंगरी. गोळ्या बंद होऊन तीन आठवडे होत आले होते. यशोधन खुर्चीत टेकून बसला होता, हात मांडीवर, चेहरा हसरा. भिंगरी खोलीच्या मध्यावर थांबली. तिने दात दाखवले नाहीत, भुंकली नाही, एक पाऊल पुढे टाकलं नाही. पाठीवरचे केस उभे राहिले आणि ती ओवीच्या पुढे तशीच उभी राहिली, पुन्हा आपल्या पायांवर. दिवा पिवळा झाला.

"भिंगे, आत चल," ओवी म्हणाली. भिंगरीने ऐकलं नाही.

एक मिनिट झालं, दिवा लाल झाला आणि पट्टा वाजला. हेमंतच्या खिशातला कचेरीचा फोनही वाजला. अंक एक्क्याण्णव. तिसरी नोंद. घातक.

"घ्या," आबा म्हणाले. "पोरगा नुसता खुर्चीत बसलाय, आणि हिचं हे. घरात शांतता राहील कशी? दोष कुणाचा ते यंत्रच सांगतंय की."

"मी तरी दुसरं काय सांगत होतो?" यशोधन म्हणाला.

आतून वर्षा आली. तिच्या हातात लाटणं होतं आणि ते खाली ठेवायचं तिला भान नव्हतं की ठेवायचं नव्हतं, कुणास ठाऊक. "उठा," ती म्हणाली. दोघं उठले.

ते गेल्यावर हेमंत ओवीसमोर बसला. "भिंगरीला न्यायच्या आदेशावर मी सही करणार नाही."

"तू नाही केलीस तर तालुक्याचा माणूस येऊन करेल."

"मग पट्ट्यात बिघाड होता असं दाखवतो. संवेदक खराब होतात कधी कधी. तशी नोंद टाकली की तिसरी नोंद रद्द होते. अजून माझ्याकडे अधिकार आहेत दोन-चार दिवस."

ओवीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर हेमंतला सोपं गेलं असतं.

"पुन्हा आकडाच दुरुस्त करतोयस, बाबा."

"मग काय करू? मी तुला विचारलं होतं ना, घरात काही आहे का म्हणून? तू नाही म्हणालीस."

"एकदा विचारलंस. कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, जाता जाता. भिंगरीला तू दर दहा सेकंदांनी विचारत होतास." ती उठली. "तिने दर वेळी सांगितलं तुला. आणि तू तिचं तोंड बंद केलंस."

दुसऱ्या दिवशी हेमंत कचेरीतून परतला तेव्हा पट्टा ओट्यावर पडलेला होता, कात्रीने कापलेला, दिवा विझलेला. ओवीची खोली रिकामी होती. पट्ट्याचा उपविधी मोहरगावच्या हद्दीपुरता. हद्दीच्या कमानीपलीकडच्या खेड्यांत कुत्री अजून बिनपट्ट्याची हिंडतात, भुंकतात आणि प्रसंगी चावतातही. त्यांतल्या कुठल्यातरी गावात ती भिंगरीला घेऊन गेली असणार, एवढं त्याला समजलं.

वर्षाने पान वाढलं होतं. त्याने हात धुतले, पाटावर बसला. घास घेतला नाही.

"कुठे गेली?"

"सुखरूप आहे."

"गावाचं नाव काय? मी नुसता बघून येईन. लांबून बघेन."

वर्षाने त्याच्या पानात भात वाढला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं.

"तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलंय," ती म्हणाली, आणि स्वतःचं पान घेऊन ती आत जाऊन जेवायला बसली.